अर्धवट राहिलेली दाढ : लॉकडाउनमधली एक केस

१४ मार्च २०२०, शनिवार. एक पेशंट काका माझ्या दातांच्या क्लिनिकमध्ये आले ते उजवा गाल हाताने दाबूनच. तीन रात्री झोप नव्हती. गाव अंबड तालुक्यातलं, जालन्यापासून गाडीने तासाभरावर, वय ५७, नऊ वर्षांपासून शुगर, घरची मोसंबीची बाग आणि उजव्या गालात तंबाखूचा बार धरायची पंचवीस-तीस वर्षांची सवय. काकांना विचारूनच लिहितेय हे सगळं, नाव आणि गाव तेवढं सांगत नाही.

खालच्या उजव्या बाजूची दुसरी मोठी दाढ, आमच्या नंबरमध्ये ४७, आतून पार पोखरली होती, कीड आतल्या नसेला जाऊन भिडलेली. पण मुळं चांगली होती, हाड चांगलं होतं, दाढ हलत नव्हती, म्हणजे रूट कॅनॉल करून सहज वाचणारी दाढ. त्या दिवशी मी दाढ उघडली, नस काढली, कॅनॉल साफ करून आत औषध भरलं, वर कापसाचा बारका बोळा आणि त्यावर टेंपररी फिलिंग. पुढची तारीख दिली सोमवार २३ मार्च. आणि रोज दहा जणांना सांगते तेच वाक्य काकांनाही सांगितलं, की आता दुखणं थांबेल पण काम संपलेलं नाही, हे सिमेंट तात्पुरतं आहे, त्या बाजूने खाऊ नका. काका म्हणाले, "व्हय ताई, येतो सोमवारी."

तो सोमवार आलाच नाही. २२ ला जनता कर्फ्यू, २३ ला राज्यात संचारबंदी, २५ पासून देशभर लॉकडाउन. आम्ही दातांचे डॉक्टर तर सगळ्यात आधी बंद झालो, आणि त्याला कारणही तसंच होतं. आमचं दात कोरायचं एअरोटर मशीन मिनिटाला तीन-चार लाख फेऱ्या मारतं, त्यावर पाण्याचा फवारा असतो, आणि पेशंटच्या तोंडातली लाळ त्या फवाऱ्याबरोबर बारीक तुषार होऊन खोलीभर उडते. दात साफ करायच्या स्केलिंगच्या मशीनचंही तेच. आपण पेशंटच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, त्याचा मास्क काढलेला, बंद खोली, एसी चालू. त्यावेळी कुणालाच नीट माहीत नव्हतं हा व्हायरस हवेत किती वेळ टिकतो, तेव्हा क्लिनिक बंद करणं मला आजही बरोबरच वाटतं. चुकलं ते दुसरीकडेच.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घरी बसल्या बसल्या अपॉइंटमेंटचं रजिस्टर काढलं आणि लाल पेनाने एकेक नाव वेगळं लिहायला लागले, कुणाचा रूट कॅनॉल अर्धा, कुणाची कॅप बसवायची राहिलेली, कुणाचे टाके, एका मुलीच्या ब्रेसेसची तार, दीड-दोन पानं भरली. फोन करायला घेतले तेव्हा मी काय केलं, ज्यांचे मेसेज येत होते, ज्यांचं दुखत होतं, त्यांना आधी केले. काकांचा मेसेज नव्हता, दुखत नव्हतं, म्हणून त्यांचं नाव यादीत खालीच राहिलं. खरं तर नस काढलेली दाढ इन्फेक्शन मुळाबाहेर पसरेपर्यंत सहसा दुखत नाही, दुखायला आत काही उरलेलंच नाही, आणि म्हणूनच ती जास्त फसवते. आतलं औषध काही आठवडेच काम करतं, वरचं सिमेंट झिजतं, कडेने लाळ झिरपायला लागते आणि लाळेबरोबर जंतू परत आत. हे मला पाठ आहे, तरी मी दुखणाऱ्यांच्या मागे लागले आणि न दुखणाऱ्याला विसरले. या केसमधली पहिली चूक काकांची नाही, माझी आहे, आणि हे स्पष्ट लिहायलाच पाहिजे म्हणून लिहिलं.

घरात काय चाललं होतं

हे सगळं मला नंतर सूनबाईकडून तुकड्या-तुकड्याने कळलं, पण केस समजायची तर इथेच थांबायला पाहिजे, कारण दाढ बिघडली ती घरातल्या त्या पाच आठवड्यांत.

मृग बहाराची मोसंबी झाडाला होती, व्यापारी येईनात, गाड्या मिळेनात, माल पडून. त्यात टीव्हीवर, व्हॉट्सअपवर सगळीकडे एकच, व्हिटॅमिन सी घ्या, प्रतिकारशक्ती वाढवा. मग काय, घरचीच फळं, काका सकाळी एक ग्लास, दुपारी एक, कुणी बांधावर भेटायला आलं की त्याच्याबरोबर अजून एक, असा दिवसभर रस चालू. शुगरच्या माणसाला फळ चावून खाणं वेगळं आणि तीन-चार फळं पिळून ग्लासभर पिणं वेगळं, आणि दातांना तर हे दुप्पट वाईट कारण रस आंबट पण आहे आणि गोड पण. दर वेळी घोटभर प्यायलं की पुढचा अर्धा तास तोंडात आम्लच राहतं, लाळेला ते निस्तरायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात पुढचा ग्लास. रात्री झोपताना काकूंचं गुळ घातलेलं हळदीचं दूध, सकाळी काढा, त्यातही गुळ. भावना चांगलीच होती, घरातल्या माणसाला जपायची होती, पण रात्री ब्रश झाल्यावर गुळाचं दूध पिऊन झोपायचं म्हणजे जंतूंना रात्रभराची शिदोरीच बांधून दिल्यासारखं.

ब्रशही मागे पडला होता. हे फक्त काकांचं नाही, त्या काळात मी ज्यांना ज्यांना फोनवर विचारलं त्यातले खूप जण हेच म्हणाले, की कुठं जायचंच नाही तर उठायची घाई नाही, चहा आधी, मग नाश्ता, मग अकरा वाजता कधीतरी तोंडावरून ब्रश, आणि रात्रीचा तर गेलाच. दात घासणं हे आपल्याकडे बाहेर जायच्या तयारीचा भाग आहे, तोंड धुणं, अंघोळ, कपडे, निघालो. बाहेर जाणंच बंद झालं तर सगळी साखळी ढिली पडली.

तंबाखूची विक्री एप्रिलमध्ये सरकारने बंदच केली होती, गावात चढ्या भावाने मिळायची. काका म्हणतात की मी तेव्हा कमी केली, सूनबाई म्हणते की पुडी संपली की आईंच्या मिश्रीच्या डबीतून घ्यायचे. काकू रोज सकाळी मिश्री लावतात, भाजून काळी केलेली तंबाखूच ती, आणि दातांसाठी चांगली असते अशी त्यांची पक्की समजूत. मिश्रीने दुखरी दाढ थोडी बधिर होते हे खरं, त्यामुळेच ही समजूत जात नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, शुगरची गोळी. ती दर महिन्याला अंबडहून यायची. मार्चची संपली, कुणी गेलं नाही, पोलीस अडवतात म्हणून मुलगा पण टाळायचा, आणि काकांना बरं वाटत होतं म्हणून कुणाला सांगितलंही नाही. मुलगा चाकणला कंपनीत होता, तो लॉकडाउनच्या आधी बायकोला घेऊन गावी आलेला, त्याला वडिलांच्या गोळ्यांचं वेळापत्रक माहीतच नव्हतं. शुगर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्यांत इन्फेक्शन असलं की शुगर आटोक्यात येत नाही, दोन्ही एकमेकांना ओढतात. आम्ही पेशंटला हे सांगतो पण गोळ्या कोण आणतं हे विचारत नाही. मी पण विचारलं नव्हतं.

२७ एप्रिल

सूनबाईचा व्हिडिओ कॉल आला सकाळी साडेनऊला. "मॅडम, पप्पांचा गाल लई सुजलाय, काल रात्रीपासून." आठ-दहा दिवसांपूर्वी फुटाणे खाताना सिमेंट निघून पडलं होतं. काकांनी खड्ड्यात लवंग तेलाचा कापूस दाबला, मग तो रोज बदलत राहिले. तीन दिवसांपूर्वी ठणका लागला तेव्हा कुणीतरी सांगितलं म्हणून डोकेदुखीची गोळी कुटून हिरडीवर ठेवली. आणि सूज आल्यावर काकूंनी तव्यावर फडकं गरम करून शेकलं.

घरात अंधार, मोबाइलचा टॉर्च हलतोय, मला काहीच दिसेना. मग काकांना अंगणात उन्हाकडे तोंड करून खुर्चीवर बसवलं, मान मागे भिंतीला टेकवली, आणि सूनबाईला सांगितलं की स्टीलचा मोठा चमचा उलटा धर, दांड्याने गाल बाहेर ओढ, टॉर्च नको, ऊनच पुरे. काय दिसलं! दाढेच्या जागी काळा खड्डा, त्यात पिवळट कापूस, शेजारची हिरडी फुगून चकचकीत लाल, आणि तिच्यावर रुपयाएवढा पांढरा डाग. तो डाग बघून सूनबाई घाबरली, पू आहे का म्हणाली. तो पू नव्हता, गोळीने हिरडी भाजली होती. डोकेदुखीची ॲस्पिरिनची गोळी पोटात जाऊन काम करते, हिरडीवर ठेवली तर ते ॲसिडच आहे, कातडी जाळते. लवंग तेलाचंही तसंच, एखादा थेंब ठीक, पण रोज अख्खा बोळा दाबून ठेवला तर हिरडी भाजते.

मग मी प्रश्न विचारायला घेतले, आणि ते कुठले ते इथे सविस्तर लिहिते, कारण फोनवर दाढेची सूज बघताना जीव वाचवणारं काही असेल तर हेच. ताप आहे का. पाणी गिळताना अडकतंय का. जीभ वर उचलल्यासारखी वाटते का, बोलताना तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा आवाज येतोय का. हनुवटीखाली बोट दाबून बघ, मऊ आहे का लाकडासारखं कडक. सूज एकाच बाजूला का दोन्हीकडे. आडवं झाल्यावर श्वास लागतो का. आणि तोंड किती उघडतं, काकांची स्वतःची तीन बोटं उभी समोरच्या दातांत जातात का. हे प्रश्न यासाठी, की खालच्या दुसऱ्या-तिसऱ्या दाढेची मुळं जबड्याच्या आतल्या बाजूच्या स्नायूच्या खाली उतरलेली असतात, त्यामुळे तिथला पू हिरडीतून फुटून बाहेर यायच्या ऐवजी हनुवटीखाली, गळ्याकडे सरकू शकतो. दोन्ही बाजूंनी गळा भरला, जीभ वर गेली, तर श्वासनळी दाबली जाते आणि मग तासांचा हिशोब राहतो. असं एक जरी लक्षण असतं तर मी सांगितलं असतं की मला फोन करू नका, ॲम्ब्युलन्स करा आणि थेट औरंगाबादचं घाटी, म्हणजे सरकारी हॉस्पिटल, गाठा.

काकांना ताप थोडा होता, गिळता येत होतं, हनुवटीखाली मऊ होतं, बोटं अडीच जात होती. म्हणजे धोका आहे, पण थोडा वेळ हातात आहे.

औषधं लिहून व्हॉट्सअपवर पाठवली, दोन अँटिबायोटिक आणि वेदनेसाठी गोळी. आणि इथे अजून एक अडथळा. मार्चमध्ये फ्रान्सच्या आरोग्यमंत्र्यांनी म्हटलं होतं की कोरोनात आयब्युप्रोफेन टाळा, नंतर जागतिक आरोग्य संघटनेने आम्ही असं काही सांगत नाही म्हणून स्पष्ट केलं, पण पहिली बातमी गावागावात पोहोचली, दुसरी नाही. मेडिकलवाल्याने गोळी द्यायला नकार दिला. मी पॅरासिटामॉलवर आणलं, शुगर आणि किडनीचा विचार केला तर ते बरंच झालं. शेकणं बंद, कापूस बंद, गोळी हिरडीवर ठेवणं बंद, कोमट मिठाच्या पाण्याने दिवसातून पाच-सहा वेळा चूळ. आणि उपकेंद्रातल्या सिस्टरकडे ग्लुकोमीटर असतो, तिथे जाऊन शुगर बघून या म्हटलं. आकडा आला ३१२. जालन्याच्या फिजिशियनशी मी बोलले, गोळ्या त्याच दिवशी मुलाने अंबडला जाऊन आणल्या.

दोन दिवस सूज उतरली. घरचे खूश, काका म्हणाले आता यायची गरज नाही. मी म्हटलं काका, पू आत कोंडलेला आहे, गोळीने फक्त त्याला थोपवलंय. मधे एक गडबड पण झाली, काकांच्या तोंडाची चव गेली, सगळं लोखंडासारखं लागतंय म्हणाले, आणि टीव्हीवर चव जाणं हे कोरोनाचं लक्षण म्हणून सांगत होतेच, मुलाने रात्री अकराला रडवेल्या आवाजात फोन केला. त्यातली एक अँटिबायोटिक चव धातूसारखी करते, हे मी आधी सांगायला पाहिजे होतं. आणखी काही लक्षण नव्हतं, तरी मी रोज ताप आणि खोकला विचारत राहिले. एरवी जी गोष्ट सांगितली नाही तरी चालते ती साथीच्या काळात घराची झोप उडवते.

१ मेच्या रात्री परत ठणका. फोटोत सूज जबड्याच्या कडेवर आलेली, आणि बोटं आता दीडच जात होती.

२ मेचा निर्णय

त्या आठवड्यात केंद्राने जिल्ह्यांचे झोन जाहीर केले होते, जालना ऑरेंज, औरंगाबाद रेड. सरकारी डेंटल कॉलेज औरंगाबादला, म्हणजे जिल्हा ओलांडायचा, पास काढायचा, आणि शुगर तीनशेच्या माणसाला रेड झोनमधल्या गर्दीत न्यायचं. इकडे माझ्याकडे बंद क्लिनिक, पीपीई किट म्हणून शिलाईवाल्याकडून शिवून घेतलेला रेनकोटच्या कापडाचा गाऊन आणि ट्रान्सपरंट शीट कापून केलेली फेस शील्ड.

मी औरंगाबादच्या एका तोंडाच्या सर्जन सरांना फोन केला, माझे सीनियर, फोटो दाखवले. हनुवटीखाली अजून मऊ आहे, गिळता येतंय, श्वास ठीक आहे, तर तू पू काढ, आणि हनुवटीखाली कडक लागलं तर एक मिनिट न थांबता पाठव, असं ठरलं. आणि एक गोष्ट माझ्या डोक्यात आधीपासून होती, की दाढ उघडीच आहे! सिमेंट निघून गेलेलं. म्हणजे एअरोटर लावायची गरजच नाही. हाताच्या अवजारांनी काम होईल, फवारा नाही, तुषार नाही. ज्या कारणाने दाढ बिघडली त्याच कारणाने ती धोका न वाढवता उघडायला मिळाली.

सकाळी साडेसातला बोलावलं. खिडक्या सताड उघड्या, एसी बंद, एक्झॉस्ट चालू, मुलगा बाहेर गाडीतच. काकांना पोव्हिडोन आयोडीनच्या पातळ द्रावणाची मिनिटभर चूळ भरायला लावली. इंजेक्शन दिलं पण पू भरलेल्या जागी भूल नीट चढत नाही, तिथलं आम्ल औषधाला काम करू देत नाही, काकांनी सोसलं. दाढेतला कुजका कापूस चिमट्याने काढला आणि हाताची बारीक फाइल मागच्या मुळात घातली तेव्हा काळपट पू वर आला, तो वास मास्कमधून पण येत होता. मग बाहेरच्या हिरडीवर, सूज जिथे सगळ्यात मऊ तिथे छोटी चीर. पाच मिनिटांत काकांचा चेहराच बदलला. बोलता येत नव्हतं, नुसते हात जोडले. माझ्या शील्डच्या आत वाफ धरली होती, मला त्यांचा चेहरा अर्धाच दिसत होता.

दाढ ठेवायची का काढायची, यावर मी आठवडाभर विचार केला. नेहमीच्या दिवसांत मी ती नक्की ठेवली असती, अजून दोन-तीन सिटिंग, मग कॅप. पण प्रत्येक सिटिंगला तासाभराचा प्रवास, पोलीस, एअरोटर, आणि पुढची तारीख मिळेल याची खात्री नाही. परत अर्धवट राहिली तर दुसऱ्यांदा काय होईल ते सांगता येत नव्हतं. फिजिशियनने शुगर दीडशे-पावणेदोनशेच्या आसपास आणली आणि ११ मेला मी दाढ काढली. वाचणारी दाढ होती ती. १९ मेला आरोग्य मंत्रालयाच्या दातांच्या डॉक्टरांसाठीच्या सूचना आल्या, त्यात इमर्जन्सी आणि अर्जंट तेवढंच करा, बाकी रुटीन सगळं पुढे ढकला असंच होतं, निर्णय त्यात बसला. पण टाके घालताना मला वाईट वाटलं ते वाटलंच, कारण त्या मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एक फोन केला असता, सिमेंट कसं आहे हे दर आठवड्याला विचारलं असतं, तर निघाल्याबरोबर त्याच दिवशी परत बसवता आलं असतं, त्यालाही एअरोटर लागत नाही.

नंतरचं वर्ष

काकांसाठी मी दर शनिवारी संध्याकाळचा फोन ठरवला. काही फार नाही, पाच मिनिटं. सूनबाई फोन धरायची, काका उन्हाऐवजी आता ट्यूबलाइटखाली बसायचे, आणि तिने चमच्याचा हात इतका छान बसवला की मला कॅमेऱ्यावर वरच्या दाढांच्या मागचा भाग दिसायचा. गावच्या किराणा दुकानात मिळेल त्यावरच सगळं बसवलं. मऊ ब्रश, फ्लोराइड असलेली पेस्ट, ट्यूबवर एक हजार पीपीएम लिहिलंय का ते सूनबाईने बघायचं, कारण दुकानात ठेवलेल्या निम्म्या आयुर्वेदिक ट्यूबवर फ्लोराइडचं नावच नव्हतं. रात्रीचं हळदीचं दूध चालू राहिलं पण गुळ काढला आणि दूध आधी, ब्रश शेवटी. ब्रश झाल्यावर फेस थुंकायचा, खळखळून चूळ नाही भरायची, पेस्टचा पातळ थर दातावर राहू द्यायचा, हे काकांना महिनाभर जमेना, तोंड धुतल्यासारखं वाटत नाही म्हणायचे. मोसंबी फोडी करून, जेवणाबरोबर, रस बंद.

टाके भरेपर्यंत दिलेला क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश घरातल्या सगळ्यांनीच कोरोना जातो म्हणून वापरायला सुरुवात केली होती, काकूंचे दात तपकिरी पडले तेव्हा कळलं. तो काही दिवसांपुरताच, काम झालं की बंद. काकूंची मिश्री मात्र मी सोडवू शकले नाही. दोनदाची एकदा झाली, तेवढंच. त्यांच्या हिरडीवर ज्या ठिकाणी मिश्री चोळतात तिथे पांढरट चट्टा आहे, त्याचा फोटो सूनबाई दर दोन महिन्यांनी पाठवते. काकांनी तंबाखू सोडली, दाढ काढल्याच्या दिवसापासून. मी काही लेक्चर दिलं नव्हतं, ते म्हणाले, "जागाच राहिली नाही ताई धरायला."

एप्रिल २०२१ ला दुसऱ्या लाटेत काकांना कोरोना झाला. ऑक्सिजन, स्टेरॉइड, नऊ दिवस ॲडमिट, स्टेरॉइडमुळे शुगर परत चारशेच्या घरात. त्यावेळी महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, पेशंट रोज वाढत होते, त्यावरची अँफोटेरिसिनची इंजेक्शनं मिळत नव्हती, मे महिन्यात केंद्राने राज्यांना या रोगाची नोंद सक्तीची करायला सांगितलं. शुगर आणि स्टेरॉइड, दोन्ही काकांकडे. आणि या बुरशीची सुरुवात बऱ्याचदा तोंडातूनच कळते, वरचे दात अचानक हलायला लागतात, टाळूवर काळपट डाग, गाल बधिर, नाकातून काळं. मी डिस्चार्जच्या दिवशी सूनबाईला फोन केला, जुना ब्रश टाकून दे, नवा वेगळ्या ग्लासात ठेव, आणि आता रोज टाळू बघायची, चमचा आणि टॉर्च, रंग गुलाबी आहे का, एवढंच, आणि गालावर दोन्हीकडे बोट फिरवून विचारायचं सारखंच लागतंय का.

बाराव्या दिवशी तिचा मेसेज आला, वरची डावीकडची दाढ हलतेय म्हणतात. मी त्याच दुपारी बोलावलं. दाढ हलत होती, पण दात आणि हिरडीमधली खोल खाच जुनीच होती, माझ्या २०२० च्या नोंदीत तिथे सहा मिलिमीटर लिहिलेलं होतं, तितकीच निघाली. टाळू गुलाबी, गाल दोन्हीकडे सारखा, डोळा ठीक. तरी अंदाजावर सोडायची वेळ नव्हती, त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नाकातून दुर्बिणीने बघून घेतलं. स्वच्छ निघालं. मुलगा बाहेर बाकावर बसला होता, सांगितल्यावर दोन मिनिटं काही बोललाच नाही.

काकांची तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी, ही टक्क्यांत मोजतात), २०२० च्या मे महिन्यात १०.२ होती, २०२१ च्या दिवाळीच्या आधी ७.३ आली. वरच्या दाढेची हिरडी साफ करून ती टिकवली आहे, खाली ४७ ची जागा रिकामीच आहे, कृत्रिम दाताचा ब्रिज नको म्हणतात. माझ्या रजिस्टरला आता शेवटची चार पानं लाल पेनाची असतात, ज्यांचं काम अर्धवट आहे आणि दुखत नाही त्यांची नावं सगळ्यात वर, आणि प्रत्येक नावापुढे घरातलं फोन कोण उचलतं ते.